वनस्पतींचे अर्क, विषाणू आणि उंदीर: सुरुवात कुठून करू?

प्रश्न: मी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वनस्पतींचे अर्क विषाणूंवर चालतात का, हे प्राण्यांवर तपासायचं काम मला करायचं आहे. पुढे व्हायरॉलॉजी घेऊ, फार्मसी की पशुवैद्यक? उंदीर हाताळावेच लागतात का?

उत्तर: तुझा पाया पाहता व्हायरॉलॉजीत एम.एस्सी. कर. पशुवैद्यकासाठी पदवीपासून पुन्हा सुरुवात करावी लागेल, आणि अर्काच्या रसायनात तुला खरंच गोडी असेल तरच फार्मसीकडे वळ.

प्राण्यांवरची चाचणी हा या कामाचा शेवटचा टप्पा. आधीचं काम कच्चं राहिलं की उंदरांचे जीव हकनाक जातात, म्हणून आधी त्याच कामावर हात बसव.

तीच वनस्पती वेगळ्या हंगामात काढली तर अर्क बदलतो. म्हणून वनस्पतीचा नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करायचा, संपूर्ण अभ्यासाला पुरेल एवढा अर्क एकाच खेपेत काढायचा, त्याचा एचपीएलसी आलेख (अर्कातले घटक वेगळे करून दाखवणारा) ठेवायचा आणि एन्डोटॉक्सिन तपासायचं. जिवाणूंचं हे विष अर्कात राहिलं तर उंदराची प्रतिकारशक्ती त्यानेच चाळवते आणि श्रेय वनस्पतीला जातं.

मग पेशींवरची चाचणी. समज, विषाणू इन्फ्लुएन्झाचा म्हणजे फ्लूचा आहे; त्यासाठी एमडीसीके (कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या) पेशी वापरतात. निम्म्या पेशी मारणारी मात्रा भागिले विषाणू निम्म्यावर आणणारी मात्रा, हा सिलेक्टिव्हिटी इंडेक्स. ४०० आणि १०० मायक्रोग्रॅम आले तर इंडेक्स ४. एवढ्यावर प्राण्यांकडे जाऊ नये. साधारण १० च्या पुढे विचार करावा. इथे टॅनिन, म्हणजे वनस्पतींतली तुरट द्रव्यं, फार फसवतात. विषाणू आणि अर्क आधीच एकत्र केले तर टॅनिन विषाणूच्या प्रथिनांना चिकटतात आणि निकाल झकास दिसतो. पोटातून दिल्यावर ते रक्तात जेमतेम पोचतात. म्हणून संसर्गानंतर काही तासांनी अर्क घालूनही बघायचं.

उंदरांत आधी विषाणूशिवाय विषारीपणा तपासतात. मात्रेचं गणित आत्ताच करून बघ. उंदीर २० ग्रॅमचा, मात्रा किलोमागे २०० मिलिग्रॅम, म्हणजे ४ मिलिग्रॅम. नळीने तोंडावाटे एका वेळी किलोमागे १० मिलिलिटर द्यायचं ठरवलं तर ०.२ मिलिलिटर. म्हणजे द्रावण मिलिलिटरला २० मिलिग्रॅमचं हवं, आणि एवढ्या दाट द्रावणात बरेच अर्क विरघळत नाहीत, तळाशी बसतात. दर वेळी नीट हलवलं नाही तर पहिल्या आणि शेवटच्या उंदराला वेगवेगळी मात्रा जाते. नळी श्वासनलिकेत गेली तर उंदीर दगावतो आणि शवविच्छेदन केलं नाही तर तो अर्काचा बळी म्हणून मोजला जातो.

गट असे: संसर्ग आणि नुसतं द्रावक (अर्क ज्यात कालवतो तो द्रव), संसर्ग आणि ओसेल्टामिविर (फ्लूवरचं प्रचलित औषध), संसर्ग आणि अर्काच्या दोन-तीन मात्रा, शिवाय संसर्गाविना अर्क. हा शेवटचा गट गाळू नकोस. तो नसेल तर वजन फ्लूने घटलं की अर्काने, हे सांगताच येत नाही. वजन रोज घ्यायचं. किती घट झाली की उंदराला वेदनारहित मरण द्यायचं, हे आधी ठरवून नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्यायचं. सहसा ही मर्यादा २० ते २५ टक्के असते. शिवाय फुफ्फुसातला विषाणू मोजायलाच हवा. फक्त दाह कमी झाल्यानेही उंदीर तगू शकतो. तो गुण उपयोगी आहे, पण त्याला विषाणूरोधक म्हणता येणार नाही. आणि संसर्गाच्या दोन दिवस आधीपासून अर्क देऊन आलेल्या निकालावर ‘उपचार’ असा शिक्का मारू नये, कारण रुग्ण येतो तो ताप भरल्यावर.

उंदीर हाताळावे लागतात, आणि प्रयोगाअखेर त्यांना मारावंही लागतं. ते मनाला झेपत नसेल तर त्यात कमीपणा नाही; अर्क आणि पेशींच्या कामातही पूर्ण करिअर होतं. तुझ्या या वर्षाच्या प्रकल्पासाठी बॅक्टेरिओफेज, म्हणजे जिवाणूंना ग्रासणारा विषाणू, घे. साध्या प्रयोगशाळेत प्लाक (जिवाणूंच्या थरात विषाणूने पाडलेले मोकळे ठिपके) मोजणं, विरलनं (नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करणं), कंट्रोल लावणं, सगळं शिकता येईल. त्या निकालावरून माणसाच्या विषाणूबद्दल दावा मात्र करू नकोस. प्राणी हाताळण्याचं प्रशिक्षण एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी घेतलंस तरी चालेल.