वकिलाचे गुपित कुठपर्यंत राखायचे?

प्रश्न : मी विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. नुकत्याच वाचलेल्या एका अमेरिकी कायदेविषयक थरारकथेत एका तरुण वकिलाला कळते, की आपली फर्म गुन्हेगारांचा काळा पैसा फिरवते आहे. बोलावे तर पक्षकाराचे गुपित फोडल्याबद्दल वकिली जाणार, गप्प राहावे तर तुरुंग. आपल्याकडच्या ज्युनिअरची अशीच कोंडी होईल का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : कायद्यापुरते बोलायचे, तर ही कोंडी कथेत दिसते तितकी घट्ट नाही. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास वकिलाला मनाई करणारी तरतूद १८७२ च्या पुरावा अधिनियमात कलम १२६ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. काम संपले तरी हे बंधन संपत नाही, आणि ते मोडणाऱ्याची सनद अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली निलंबित किंवा रद्दही होऊ शकते. मात्र बेकायदा हेतू तडीस नेण्यासाठी झालेले बोलणे या संरक्षणात येत नाही. तसेच काम हाती घेतल्यानंतर घडलेला एखादा गुन्हा किंवा लबाडी काम करताना वकिलाच्या नजरेस आली, तर तीही येत नाही. (थरारकथेला हे अपवाद फारसे सोयीचे नसतात.)

कलमाखाली दिलेली उदाहरणे आपण मुळातून वाचावीत. ‘मी बनावट दस्त केला आहे, माझा बचाव करा’ हे पक्षकाराचे बोलणे संरक्षित आहे. ‘या बनावट दस्ताच्या आधारे मिळकतीचा ताबा मिळवायचा आहे, दावा लावा’ हे नाही. तिसऱ्या उदाहरणात अपहाराचा आरोप असलेल्या पक्षकाराच्या हिशेबवहीत, काम स्वीकारले तेव्हा नसलेली नोंद वकिलाला नंतर आढळते. तीही गोपनीय राहत नाही. जमिनीचे भाव चढलेल्या नाशिकमध्ये मागील तारखेचा करारनामा किंवा संशयास्पद मुखत्यारपत्र टेबलावर आले, तर ज्युनिअरने यांतले दुसरे उदाहरण आठवावे.

संरक्षण नाही म्हणून लगेच पोलिसांकडे धावलेच पाहिजे, असे हे कलम सांगत नाही. उलट बाजूने, पोलिसांनीही वकिलाला पक्षकाराच्या माहितीसाठी सरसकट समन्स काढू नये, अपवाद लागू असेल तरच आणि पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या वरिष्ठाच्या मंजुरीने काढावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बजावले आहे. कथानायकाप्रमाणे कागदांच्या गुपचूप प्रती काढण्याबाबत सांगायचे, तर बेकायदा मार्गाने मिळालेला पुरावा प्रकरणाशी संबद्ध असल्यास केवळ त्या कारणाने बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९७३ मधील पूरणमल निकालापासून स्थिर आहे. पण त्यामुळे प्रत काढणाऱ्याची जबाबदारी टळत नाही.

खरी कोंडी माझ्या मते निराळीच आहे. आपल्याकडचा ज्युनिअर बहुधा सीनियरच्या ऑफिसात लेखी कराराशिवाय, तुटपुंज्या मानधनावर काम करतो; त्याला पुढची कामे त्याच सीनियरच्या शब्दावर मिळतात, आणि कोर्टाच्या आवारात बातमी फिरायला वेळ लागत नाही. त्याच्यामागे मारेकरी लागत नाहीत, त्याला नुसते काम मिळेनासे होते, आणि त्यावर कोणत्याही कलमाचा उतारा नाही. म्हणून संशयास्पद प्रकरणाच्या वकीलपत्रावर आपले नाव सुरुवातीलाच घालू देऊ नये. घातले गेलेच, तर बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पुरेसे कारण आणि वाजवी आगाऊ सूचना देऊन त्यातून बाहेर पडावे, आणि त्या सूचनेची पोच जपून ठेवावी.

प्रश्न : ‘साहेबांना द्यायचे आहेत’ असे सांगून वकिलाने फीखेरीज पैसे मागितले, तर पक्षकाराने काय करावे?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : देऊ नयेत. लोकसेवकावर भ्रष्ट मार्गाने प्रभाव टाकण्यासाठी पैसे घेणे, किंवा मिळवण्याचा प्रयत्न करणे, हा भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ साली घातलेल्या कलम ७-अ खाली तीन ते सात वर्षे कैदेचा गुन्हा आहे. त्याच दुरुस्तीने लाच देणाराही कलम ८ खाली दोषी ठरतो. भाग पाडले गेल्यामुळे ज्याने पैसे दिले, त्याने सात दिवसांच्या आत कळवले तरच तो सुटतो. पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ या क्रमांकावर कळवले, तर सापळा रचता येतो, आणि सापळ्यात दिलेल्या रकमेबद्दल तक्रारदारावर गुन्हा होत नाही.