वाचकांची प्रश्नपेटी : गोंगाटाच्या कामावर कान कसे जपावेत?

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातील एका बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात मी १४ वर्षे कॉम्प्रेसरवर काम करतो. हंगामात १२ तासांची पाळी असते. सुरुवातीला पाळी संपली की कानांना दडे बसत आणि रात्री 'कुईं' असा आवाज येत राही. आता तसे फारसे जाणवत नाही, म्हणून कान सरावले असे मी समजत होतो. मात्र हल्ली फोनवर कोणी 'साठ लाद्या' म्हटले की मला 'आठ' ऐकू येते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा कारखानाही थांबतो आणि मला बरे वाटते. काम सोडले तर कान पूर्ववत होतील का?

उत्तर : 'साठ' आणि 'आठ' यांतील घोटाळा आपण नेमका टिपला आहे, आणि आपल्या दुखण्याचे स्वरूप त्यातूनच कळते. अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते आणि तिच्यात केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या सुमारे १५ हजार पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात. काही तास शांतता मिळाली तर बऱ्याचशा सावरतात, आणि पाळीनंतरचा तो दडा म्हणजे हीच थकावट होती. मात्र सावरण्यापूर्वीच पुन्हा तोच मारा झाला, आणि वर्षानुवर्षे होत राहिला, तर त्या मरतात. मेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. त्यामुळे दडा जाणवेनासा झाला यावरून कान सरावले असे मानू नये. ज्या पेशी तक्रार करीत होत्या, त्यांतील काही आता उरल्याच नसाव्यात, अशी मला शंका आहे.

हे नुकसान बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच पट्टीत सुरू होते. स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे माणूस बोलतो आहे हे कळते. 'स', 'श', 'फ' यांसारखी फुसफुसणारी व्यंजने मात्र गळतात, आणि 'साठ'मधला 'स' गळाला की 'आठ' उरते. घरातली माणसे अशा वेळी 'लक्ष नसते तुमचे' म्हणून वैतागतात. त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवावा. बंदीच्या दोन महिन्यांत जे बरे वाटते, तो थकावटीचा भाग उतरल्याचा परिणाम आहे; गेलेले ऐकणे परत येत नाही, पण मारा थांबला की यंत्रामुळे होणारी पुढची हानी थांबते, आणि आपल्या वयात तेही थोडे नाही.

आता १२ तासांच्या पाळीविषयी. महाराष्ट्राच्या कारखाने नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा असून आवाज ५ डेसिबलने वाढला की मुभा निम्मी होते, म्हणजे ९५ डेसिबलला ४ तास आणि १०० ला २ तास. याच हिशेबाने १२ तासांच्या पाळीला सुमारे ८७ डेसिबलच चालतील. अनेक तज्ज्ञ याहून कडक, ८ तासांना ८५ डेसिबल आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असे गणित धरतात; मला ते अधिक पटते, कारण ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. मोजण्याचे यंत्र नसेल तर हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावे लागते का, एवढे पाहिले तरी धोक्याचा अंदाज येतो.

श्रवणचाचणी अवश्य करून घ्यावी. मात्र ती पाळीवरून थेट जाऊन करू नये, आधी किमान १४ तास गोंगाटापासून दूर राहावे, नाहीतर थकावट आणि कायमचे नुकसान यांची सरमिसळ होते. गोंगाटामुळे येणारे बहिरेपण कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेले आहे. तेव्हा अहवालाची प्रत जपून ठेवावी.

प्रश्न : माझी राजापूरकडे जांभ्याची चिरेखाण आहे. चिरे कापणारी दोन यंत्रे आणि एक डिझेल इंजिन आहे. नवी यंत्रे घेण्याची ऐपत नाही. मुलांना कानांत घालायचे बोळे दिले, पण तेही ते काढून ठेवतात. काय करावे?

उत्तर : बोळ्यांपासून सुरुवात केलीत, ती शेवटची पायरी आहे. आधी यंत्राकडे पाहावे. बोथट पाते, ढिले झालेले पत्र्याचे आवरण, कोरडे बेअरिंग, फुटका सायलेन्सर या चार गोष्टी कोणत्याही खाणीत बहुधा सापडतात आणि त्यांची दुरुस्ती मिस्त्रीच्या एका फेरीत होते. इंजिनाखाली जाड रबराचे ठोकळे घातल्यास त्याची थरथर खालच्या कातळात उतरत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. पण खाणीच्या खड्ड्यात चारही भिंती आवाज परतवतात, म्हणून इंजिन शक्यतो खड्ड्याबाहेर, वरच्या सड्यावर ठेवावे. दोन सारख्या यंत्रांपैकी एक बंद केले तर मात्र जेमतेम ३ डेसिबल कमी होतात, त्यावर भिस्त ठेवू नये. माणसे आलटून-पालटून लावणे त्याहून उपयोगी.

मुले बोळे का काढतात हेही पाहावे. दमट हवेत आणि घामात कान खाजतात, धुळीच्या हातांनी बोळा वळला की कानात घाण जाते, आणि पावसाळ्यात बुरशी धरते. खाणीत मला कानांवर बसणारे कर्णरक्षक बरे वाटतात. ते धुळीच्या हातानेही चढवता येतात, फक्त चष्म्याच्या काडीमुळे फट राहत नाही ना हे बघावे. ३० डेसिबल अडवणारे साधनसुद्धा पाळीतला निम्मा वेळ काढून ठेवले, तर एकूण संरक्षण जेमतेम ३ डेसिबलच उरते. त्यामुळे थोडे कमी अडवणारे पण दिवसभर अंगवळणी पडणारे साधन नेहमी चांगले.

प्रश्न : सॉ मिलमध्ये जाताना माझे सासरे कानांत कापूस घालतात आणि रात्री खोबरेल तेल सोडतात. हे पुरते का?

उत्तर : नाही. साधा कापूस आवाज फारसा अडवत नाही, आणि तेल अंतर्कर्णापर्यंत पोहोचतच नाही; पडद्याला छिद्र असल्यास ते घातकही ठरते. त्यांना फोमचे बोळे आणून द्यावेत आणि घालण्याची रीत दाखवावी : स्वच्छ हातांनी बोळा बारीक वळावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर व मागे ओढावा, बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. बाहेरून पाहताना बोळ्याचे बहुतेक सगळे टोक दिसत असेल, तर तो नीट बसलेला नाही.