आवाज सांग, लाकूड नंतर

प्रिय मुली,

तुला बनवून घ्यायच्या आर्चटॉपची, म्हणजे कोरीव, कमानदार टॉपच्या गिटारची, यादी वाचली. टॉप, म्हणजे पुढची फळी, रेडवूडचा, बॅक आणि बाजू अक्रोडाच्या, नेक चेरीचा, फिंगरबोर्ड ब्राझिलियन रोझवूडचा. एका कारागिराने रेडवूडला साफ नकार दिला, दुसरा सगळ्यालाच हो म्हणाला, आणि आता कोणाचं ऐकावं ते तुला कळेना. मी मात्र तुझ्या पत्रात एकच ओळ शोधत होतो. ही गिटार वाजायला कशी हवी, ती ओळ. ती काही सापडली नाही.

आधी आवाज सांग. लाकूड नंतर.

अक्रोडाला तू उगाच बिचकतेस. ते परंपरेत बसत नाही असं तुला कोणी सांगितलं? ज्याच्यापासून कोरीव टॉपच्या गिटारी सुरू झाल्या तो ऑर्व्हिल गिब्सन बॅकला अक्रोडच वापरायचा. 1922 मध्ये गिब्सन कंपनीची एल-5 ही आर्चटॉप आली, आणि सुरुवातीच्या कित्येक एल-5 चे बॅक बर्चचे होते. मेपलचा दबदबा नंतरचा. बॅकच्या लाकडावरून तर इतकं रान उठवू नये. स्पॅनिश गिटार-कारागीर अंतोनियो दे तोरेसने 1862 मध्ये कागदाच्या लगद्याचा बॅक आणि बाजू असलेली गिटार बनवून दाखवली होती. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात फक्त बॅक आणि बाजूंचं लाकूड वेगळं असलेल्या सहा गिटारी 52 वादकांना न दिसू देता वाजवायला दिल्या. महाग आणि स्वस्त लाकडांत त्यांना फारसा फरक लागला नाही. या सगळ्या सपाट टॉपच्या गिटारी होत्या हे मान्य, आणि आर्चटॉपचा बॅकही कोरीव असल्याने त्याचा वाटा थोडा वेगळा असतो. पण झोप उडवण्याइतका नाही. आणि ब्राझिलियन रोझवूड यादीतून आजच काढ. 1992 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे; कागदपत्रं नसतील तर ती गिटार घेऊन सीमा ओलांडणं म्हणजे डोक्याला ताप. फिंगरबोर्डला एबनी चांगलं चालतं.

टॉपची गोष्ट वेगळी. आर्चटॉपच्या तारा ब्रिजवरून, म्हणजे टॉपवर उभ्या आधारपट्टीवरून, जाऊन गिटारच्या शेपटाकडच्या टेलपीसला अडकतात, त्यामुळे ब्रिज टॉपला सतत खाली दाबत असतो. तो दाब कमानीने पेलायचा असतो. रेडवूड तंतूंच्या दिशेने चटकन चिरतं, सगळ्याच फळ्या तेवढ्या ताठ नसतात, म्हणून नकार देणारा कारागीर मूर्ख नाही. पण फळी चांगली असेल तर त्याच रेडवूडमधून बोटांनी वाजवताना जो उबदार, लगेच खुलणारा सूर येतो, तो ऐकल्यावर माणूस हट्टाला पेटतो हेही खरं.

म्हणून पुन्हा सांगतो, 'रेडवूड' हे उत्तरच नाही. कोणती फळी, हा प्रश्न आहे. एकाच झाडाच्या दोन फळ्या वेगळ्या बोलतात. फळी वरच्या बाजूला अंगठा आणि मधलं बोट यांच्यात हलकी धरायची, मध्याजवळ बोटाच्या पेराने ठोकायची. एक थप् करून गप्प बसते, दुसरी घुमत राहते. मग कोरताना हातातल्या छोट्या रंध्याखालून कागदासारखी ढलपी निघते, पुन्हा ठोकायचं, सूर किंचित उतरलेला असतो. कडेच्या खोलगट पट्ट्याशी तर दर चार ढलप्यांनी थांबावं लागतं. जाडी 10 टक्क्यांनी कमी केली की वाकण्यातला ताठपणा सुमारे 27 टक्क्यांनी जातो. तू लाकडांच्या नावांवर रात्री घालवतेस, आणि आवाज ठरतो तो इथे, या ढलप्यांत! तिथे कुठे थांबायचं हे कारागिराला कशावरून कळणार? तुला हव्या असलेल्या आवाजावरून.

माझ्याकडे रेडवूडची एक फळी आहे. ठोकली की लांबवर गुंजते. मी ती येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली. मऊ, गोल आवाज हवा म्हणून आलेली माणसंसुद्धा शेवटी टॉपसाठी नेहमीचा स्प्रूसच मागायची, कारण यादीत तेच लिहिलेलं असायचं. आता माझ्या हातांना कोरकाम झेपत नाही आणि ती फळी तशीच राहिली, हे मला खुपतं. शेवटच्या वर्षांत यादी घेऊन येणाऱ्यांना मी परत पाठवायचो. गर्विष्ठ म्हणाले, धंदा कळत नाही म्हणाले. म्हणोत. ज्याला आपला सूर ठाऊक नाही त्याच्यासाठी मी काय कोरणार होतो? आजही तेच करीन. तुझ्या कारागिराला हवी असेल तर ती फळी मी पाठवतो, पण त्याने ठोकून बघून नको म्हटलं तर तू हट्ट धरायचा नाहीस.

कारागीर निवडताना सगळ्याला हो म्हणणाऱ्यापासून जपून राहा. त्याने तुला काय वाजवतेस एवढं तरी विचारलं का? तुझ्या पत्रावरून तर नाही वाटत. नकार देणाऱ्याला कारण विचार. 'माझ्या हाताला रेडवूडची सवय नाही' असं म्हणाला तर तो प्रामाणिक आहे, त्याच्याकडून स्प्रूसचा टॉप आणि अक्रोडाचा बॅक आनंदाने घे.

आता बैस आणि लिही. एकटी वाजवतेस की बँडमध्ये? बँडमध्ये कॉर्ड छाटून वाजवायच्या असतील तर गर्दीतून कापत जाणारा आवाज लागतो, तिथे ताठ स्प्रूस बरा. बोटांनी की पिकने? तारा कोणत्या गेजच्या, म्हणजे किती जाड? गिटार अँपशिवाय किती वाजणार? पिकअप, म्हणजे तारांचा आवाज अँपकडे नेणारा भाग, टॉप कापून बसवायचा असेल तर टॉप आवळला जातो आणि रेडवूडसाठी केलेला हा सगळा खटाटोप बराचसा वाया जातो. टॉपला न टेकणारा, तरंगता पिकअप घे. सूर लांबवर टिकायला हवा की चटकन उमटून सरायला? तुला आवडलेल्या दोन-तीन गिटारींचं वाजवणं स्वतः रेकॉर्ड कर आणि त्यातलं नेमकं काय आवडलं, काय खटकलं ते साध्या शब्दांत लिही. लाकडाचं नाव एकही नको.

ते दोघांनाही पाठव, आणि त्यांची उत्तरं येईपर्यंत कोणालाही पैसे देऊ नकोस.