संधिवाताच्या आजारात रुग्ण गरीब आहे की श्रीमंत, याने खरोखर फरक पडतो का?

आपण विचारले आहे की आमवात किंवा ल्युपस यांसारख्या, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजारांत, एकच निदान झालेल्या दोन रुग्णांची अवस्था काही वर्षांनी इतकी वेगळी का दिसते. हा फरक ऐपतीचा असतो की आजारच एखाद्याला सौम्य आणि एखाद्याला उग्र होतो. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या रुग्णाने उपचारासाठी पुण्या-मुंबईला जावे काय. ऐपतीने फरक पडतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र तो औषधाच्या दुकानातल्या बिलापेक्षा, रुग्ण घरात कोण आहे आणि त्याच्या दुखण्याची दखल कोण घेते, यावर अधिक ठरतो. माझ्या थोरल्या भावाला आणि थोरल्या बहिणीला, दोघांनाही आमवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणून हे इतक्या ठामपणे लिहिते.

आमचे माहेर कागल तालुक्यात. आक्का भुदरगड तालुक्यात दिलेली, दादा शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामगार. आई-वडील तेच, लहानपणीचे खाणे-पिणे तेच, आमवात ओळखण्यासाठी रक्ताची जी अँटी-सीसीपी नावाची तपासणी करतात, ती दोघांचीही ठळक पॉझिटिव्ह. आज दादा रोज कामावर जातो, मोटारसायकल चालवतो, सणाला घरी आला की पोते उचलतो. आक्काच्या दोन्ही हातांची बोटे करंगळीच्या बाजूला कलली आहेत, उजवे मनगट वळत नाही, आणि स्ट्रिपमधून गोळी बाहेर काढायला तिला नातवाला हाक मारावी लागते.

दादाचे दुखणे कसे उघडकीस आले ते पाहा. सकाळच्या पाळीला त्याची मूठ वळेना, ग्राइंडर हातात धरवेना. खाडे पडू लागले तसे सुपरवायझरने विचारले, पगारात घट दिसली, आणि घरात काही दिवस त्याच्या हातांखेरीज दुसरा विषय नव्हता. त्याचा पगार २१,००० रुपयांच्या आत असल्यामुळे तो कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये होता. पगाराच्या ०.७५ टक्के रक्कम कामगाराची आणि ३.२५ टक्के मालकाची अशी तिथे जमा होते, आणि त्या बदल्यात दाखल न होताही तपासणी आणि औषधे मिळतात. शिवाय आजारपणाच्या रजेत ठरावीक दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळतो. दुखणे सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याला मेथोट्रेक्सेट हे आमवाताला आवर घालणारे औषध सुरू झाले होते.

आक्काची मूठ त्याच्या कितीतरी आधीपासून वळत नव्हती. पहाटे गोठ्यात जाण्याआधी ती चुलीवरच्या गरम पाण्यात हात बुडवून बसायची, कारण त्याशिवाय म्हशीची धार काढण्याइतकी बोटे आवळली जात नसत. तरीही दूध वेळेत डेअरीला घालणे जमेना, तेव्हा थोरली मुलगी शाळेआधी धार काढू लागली. भाकरी बोटांनी थापता येईना, म्हणून ती तळव्याचा मनगटाकडचा भाग दाबून थापू लागली. भांगलणीला जाताना मनगटाला फडके घट्ट गुंडाळायची. घरातले एकही काम अडले नाही, आणि काम अडले नाही म्हणून कोणाला काही दिसले नाही. तिच्या सासूबाईंचे म्हणणे असे की बाळंतपणात अंगात वारे शिरले की बाईमाणसाला हे सोसावेच लागते. दाजी वाईट माणूस नाहीत; परंतु सोसायटीचे कर्ज, उसाचे बिल आणि मुलांचा खर्च यांचा हिशेब त्यांच्या डोक्यात अष्टौप्रहर चाललेला असे, आणि ज्या दुखण्याने उत्पन्न थांबत नाही ते दुखणे त्या हिशेबात कुठे बसतच नव्हते.

पुढे शेजारच्या गावातल्या एकाकडून पुड्या सुरू झाल्या. दोन दिवसांत सूज उतरली, आक्का पहिल्यासारखी धार काढू लागली आणि सगळ्या घराचा त्या पुडीवर विश्वास बसला. त्यानंतर हळूहळू तिचा चेहरा गोल झाला, अंग फुगले, रक्तातली साखर वाढली. नाव-गाव नसलेल्या अशा पुड्यांमध्ये अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते, त्यामुळे आराम ताबडतोब मिळतो, परंतु सांध्याची झीज रोखण्याचे काम त्या एकट्या स्टेरॉइडवर सोपवता येत नाही. शिवाय बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड एकदम बंद केले तर जिवावर बेतू शकते, म्हणून पुडी सोडायची तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. यात दोन-तीन पावसाळे गेले. शेवटी मी तिला कोल्हापुरात माझ्याकडे आणले आणि हातांचे एक्स-रे काढले, तेव्हा बोटांच्या सांध्यांजवळची हाडे कडेने कुरतडल्यासारखी दिसत होती. हाडाची अशी झालेली हानी औषधाने भरून येत नाही.

युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची, म्हणजे युलारची, शिफारस अशी आहे की सांधे सुजल्यापासून सहा आठवड्यांत रुग्ण तज्ज्ञापुढे जावा आणि तीन महिन्यांत आजाराला आवर घालणारे औषध सुरू व्हावे. दादाला ती मुदत मिळाली, आक्काला मिळाली नाही. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे.

परंतु आमच्या घरात हे मान्य नाही. कोणतेही कार्य असो, दादाचे एक वाक्य ठरलेले आहे: मी औषधाला नेमका राहिलो, आक्काने हयगय केली. हे वाक्य मला सहन होत नाही, आणि असे बोलणारे लोक प्रत्येक घरात आहेत म्हणून त्याचा समाचार इथेच घेते. मेथोट्रेक्सेट हे स्वस्त औषध आहे, जेनेरिक मिळते, आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. पण त्याच्याबरोबर फॉलिक अॅसिड लागते, आणि दर दोन-तीन महिन्यांनी रक्तपेशी, यकृत व मूत्रपिंड यांची तपासणी लागते. आक्काच्या गारगोटीपलीकडच्या गावातून कोल्हापूरला यायचे म्हणजे अख्खा दिवस जातो. बरोबर कोणीतरी लागते, त्याचीही मजुरी बुडते. घरी म्हशीची वैरण-पाणी पाहायला तिसरा माणूस लागतो. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, त्याचा उपयोग झालाच, पण बुडालेला दिवस त्याने परत मिळत नाही. दादाच्या तपासण्या भरपगारी रजेत किंवा भत्त्यात होतात. जो खर्च एकाला पडतच नाही, तो न पेलल्याबद्दल दुसऱ्याला हयगयीचा दोष देणे अन्यायाचे आहे.

चिठ्ठीचेही तेच. डॉक्टर इंग्रजीत आठवड्यातून एकदा असे लिहितात आणि शिकलेला माणूस ते वाचतो. आक्काला ते वाचता येत नाही. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतले गेले तर माणूस दगावू शकतो. आमच्या गल्लीतल्या औषध दुकानदाराने तिच्या स्ट्रिपवर पेनाने ठळक अक्षरांत ‘फक्त रविवार’ असे लिहून दिले, आणि ते लिहिताना तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतले. मोठ्या दवाखान्यांनी यापेक्षा वेगळे काही करण्याची गरज नाही, पण तेवढे तरी करावे.

हा फरक केवळ आमच्या घरापुरता किंवा आपल्या देशापुरता नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वेस्ट-आरए या अनेक देशांतील पाहणीत असे दिसले की ज्या देशांचे दरडोई उत्पन्न कमी, तिथल्या आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यांची सूज आणि वेदना सरासरीने जास्त. ल्युपसबाबत अमेरिकेत १९९४ मध्ये लुमिना नावाचा अभ्यास सुरू झाला; त्यात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक रुग्णांमध्ये मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण अधिक आढळले, आणि मृत्यूच्या धोक्याशी वंशापेक्षा दारिद्र्याचा संबंध जास्त घट्ट निघाला. ल्युपस हा दहापैकी नऊ वेळा स्त्रियांना होतो, तोही बहुधा ऐन उमेदीत, आणि आमवातही स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा दोन-तीन पट अधिक आढळतो. म्हणजे ज्यांचे दुखणे हजेरीपत्रकावर चढत नाही, त्यांनाच हे आजार जास्त होतात. त्यात मुलगी लग्नाची असेल तर निदानच लपवले जाते, सासरी औषध चोरून घ्यावे लागते किंवा सोडून द्यावे लागते. आणि मेथोट्रेक्सेट गर्भारपणात चालत नाही, मूल हवे असल्यास ते आधीच बंद करून दुसऱ्या औषधाची सोय करायची असते, हे सांगायला कोणी उरत नाही. मुलीचे निदान लपवणाऱ्या आई-वडिलांविषयी मला सहानुभूती आहे, पण त्यांचे वागणे चूकच आहे.

हा आजार दुर्मीळ आहे असेही कोणी समजू नये. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये घरोघर जाऊन पाहणी झाली, तीत साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला आमवात आढळला. याच हिशेबाने तीन हजार प्रौढांच्या गावात पंधराएक रुग्ण असतात. आपल्या गावात असे पंधरा जण कोण, हे सांगता येत नसेल तर ते वात म्हणून सोडून दिलेले असतात.

पैशाचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढच्या पायरीवर येतो. साध्या गोळ्यांनी आजार आटोक्यात आला नाही तर बायोलॉजिक म्हणजे जिवंत पेशींच्या साहाय्याने बनवलेल्या औषधांची महागडी इंजेक्शने लागतात. त्यांपैकी अॅडालिमुमॅब या औषधाची भारतीय आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये आली आणि ती अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्शात मिळू लागली, तरीही शेतमजुराच्या घराला ती पेलवणारी नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. वर्षानुवर्षे घरी घ्यायच्या गोळ्या आणि दर तिमाहीच्या तपासण्या हा या आजाराचा खरा खर्च आहे, आणि तो तिच्यात नीट बसत नाही. खासगी विम्याचेही बहुतेक वेळा तसेच असते, शिवाय आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. सरकारने या आजारांच्या बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च उचलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वेळेवर दिलेल्या गोळ्या पुढे सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा सरकारलाही स्वस्तच पडतील.

आता आपल्या प्रश्नाची दुसरी बाजूही सांगायला हवी. आजार मुळातच कमी-जास्त असतो, हेही खरे आहे. अँटी-सीसीपीचे प्रमाण खूप जास्त असेल किंवा सुरुवातीलाच बरेच सांधे सुजले असतील, तर उपचार वेळेवर मिळूनही काहींचे हात बिघडतात. आणि उपचाराशिवाय थोडक्यात निभावलेले रुग्णही आहेत. आक्काला तिसऱ्या महिन्यात औषध मिळाले असते तर तिची बोटे दादासारखी राहिलीच असती, अशी हमी कोणी देणार नाही. आमवातासाठी करतात ती आरए फॅक्टर ही रक्ताची दुसरी तपासणी निगेटिव्ह आली म्हणूनही निश्चिंत होऊ नये, कारण आमवाताच्या कित्येक रुग्णांत ती निगेटिव्हच असते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा डोस माझ्या लिहिण्यावरून ठरवू नका.

पुण्या-मुंबईला जावे का, याबद्दल थोडक्यात सांगते. आमवातासाठी बहुधा गरज नाही. कोल्हापुरात आणि मिरजेत संधिवाततज्ज्ञ आहेत. ज्यांना तेही परवडत नाही त्यांनी कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात जावे, पण पुडीवाल्याकडे जाऊ नये. ल्युपसमध्ये मूत्रपिंड किंवा मेंदू गुंतला असेल तर मोठ्या केंद्राचा सल्ला एकदा जरूर घ्यावा. पण दूरचा नामांकित डॉक्टर वर्षातून एकदा गाठण्यापेक्षा जवळचा डॉक्टर दर दोन महिन्यांनी भेटणे या आजारात अधिक उपयोगाचे आहे. गोळ्या जनऔषधी केंद्रात विचारून पाहा. हात-पाय कायमचे अधू झाले असतील तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व ठरले तर सवलती मिळतात.

आणि रुग्ण स्त्री असेल तर पहिल्या तपासणीला तिला एकटीला किंवा माहेरच्या माणसाबरोबर पाठवू नका. घरात पैसा ज्याच्या हातात आहे त्याला डॉक्टरांसमोर बसवा आणि एक्स-रे त्याला दाखवायला सांगा. आक्काच्या वेळी मी दाजींना मुद्दाम बोलावून घेतले होते. डॉक्टरांनी काचेवर एक्स-रे लावून कुरतडलेले हाड बोटाने दाखवले, तेव्हा दाजींनी पहिल्यांदा विचारले की हे कधीपासून आहे. त्यानंतर तिची एकही तपासणी चुकलेली नाही; दाजी स्वतः तारीख लक्षात ठेवतात, ऊसतोड चालू असली तरी घेऊन येतात. हयगय आक्काच्या स्वभावात असती तर ती त्या दिवसानंतरही चालूच राहिली असती, एवढेच मी दादाला सांगत आले आहे.