मागच्या वेळी १४,००० किलोमीटर, या वेळी ८,५०० : ऑइल लाइफ मॉनिटरचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मागच्या वेळी १४,००० किलोमीटरनंतर मॉनिटर (इंजिन ऑइलचं किती आयुष्य उरलंय ते डॅशबोर्डवर टक्क्यांत दाखवणारी सोय) १५ टक्क्यांवर आला होता, या वेळी ८,५०० वरच आला. गाडी तीच, ऑइलही त्याच ग्रेडचं. मग सेन्सर बिघडलाय, की सर्व्हिसला लवकर बोलवायची ही कंपनीची युक्ती आहे? तुम्ही जाता जाता आणखी एक गोष्ट लिहिली आहे: मधल्या काळात ऑफिस बदललं आणि आता ते घरापासून चार किलोमीटरवर आहे. तुमचं उत्तर त्या एका वाक्यात आहे.

आधी सेन्सरचं बघू. बहुतेक गाड्यांमध्ये ऑइलचा दर्जा तपासणारा सेन्सर नसतोच. मर्सिडीझने नव्वदच्या दशकाच्या शेवटी ऑइलचे विद्युत गुणधर्म मोजणारा सेन्सर बसवला होता, आणि तशा काही गाड्या आहेत. पण बाकी ठिकाणी पडद्यावरचा टक्का म्हणजे निव्वळ हिशेब असतो. इंजिनचा कॉम्प्युटर तुम्ही गाडी कशी चालवता त्याची नोंद ठेवतो आणि त्यावरून ऑइल किती खर्ची पडलं असेल याचा अंदाज बांधतो. ऑइल त्याने कधी पाहिलेलंही नसतं.

या पद्धतीचा पाया घातला तो जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातल्या रसायनशास्त्रज्ञ शर्ली श्वार्ट्झ आणि त्यांचे सहकारी डोनाल्ड स्मोलेन्स्की यांनी. पेटंट १९८८ सालचं आहे. वेगवेगळ्या प्रकारे चालवलेल्या गाड्यांमधल्या ऑइलचे नमुने तपासल्यावर दिसलं ते असं की ऑइल किती लवकर उतरतं हे मुख्यतः दोन गोष्टींवरून सांगता येतं: इंजिन किती वेळा फिरलं, आणि फिरताना ऑइल किती गरम होतं. मला ही मांडणी आजही फार सुंदर वाटते. एवढी गुंतागुंतीची रसायनशाळा, आणि तिचा अंदाज गाडीत आधीच असलेल्या दोन आकड्यांवरून!

हिशेब चालतो तो असा. नवं ऑइल टाकून रीसेट केलं की खात्यात फेऱ्यांची एक मोठी शिल्लक जमा होते. इंजिनचा प्रत्येक फेरा त्यातून वजा होतो. ऑइल नेहमीच्या तापमानात, म्हणजे साधारण ९० ते १२० अंशांच्या आसपास असेल तर एका फेऱ्याला एकच फेरा कापला जातो. ऑइल थंड असेल किंवा फारच तापलेलं असेल तर त्याच एका फेऱ्याला कितीतरी जास्त कापले जातात. जिथे ऑइलच्या तापमानाचा वेगळा सेन्सर नाही, तिथे कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान, इंजिनवरचा भार, बाहेरची हवा यांवरून तेही अंदाजाने काढतात.

थंड ऑइलला एवढा दंड का, हे नीट समजून घ्या, कारण तुमचा प्रश्न इथेच सुटतो. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून बाहेर जातं, पण थोडी वाफ पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरते. इंजिन थंड असेल तर तिथे तिचं पाणी होतं. शिवाय थंड इंजिनला जास्त पेट्रोल पाजावं लागतं, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळतं. पेट्रोलने ऑइल पातळ होतं. पाणी आणि ज्वलनातले वायू मिळून आम्लं बनतात, आणि ती मारण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली कॅल्शियम-मॅग्नेशियमची रसायनं झिजत जातात.

लांबच्या प्रवासात ऑइल पुरेसं तापतं आणि हे पाणी-पेट्रोल बरंचसं उडून जातं. चार किलोमीटरच्या फेरीत ते घडतच नाही. डॅशबोर्डवरचा काटा मधोमध आला म्हणजे इंजिन तापलं असं आपण समजतो, पण तो काटा कूलंटचा असतो. ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं. तुम्ही ऑफिसला पोचता तेव्हा ऑइल कोमटच असतं. संध्याकाळी पुन्हा तेच. कमी किलोमीटर म्हणजे ऑइलला आराम, असं वाटणं साहजिक आहे, पण पेट्रोल गाडीच्या ऑइलला अशा छोट्या फेऱ्यांइतका जाच क्वचितच कशाचा होत असेल.

किलोमीटर हे माप मुळातच का फसवं आहे, तेही सांगतो. मोकळ्या हमरस्त्यावर ताशी १०० च्या वेगाने २,००० आरपीएमवर (म्हणजे इंजिनचे मिनिटाला २,००० फेरे) गाडी चालली तर तासाला १,२०,००० फेरे होतात, म्हणजे किलोमीटरला १,२००. तीच गाडी गर्दीत ताशी १५ च्या सरासरीने, सरासरी १,३०० आरपीएमवर रेंगाळली तर तासाला ७८,००० फेरे, म्हणजे किलोमीटरला ५,२००. चौपटीहून जास्त! तापमानाचा दंड अजून धरलेलाच नाही. गाडी उभी ठेवून एसीसाठी इंजिन चालू ठेवलं तर ७५० आरपीएमलासुद्धा तासाला ४५,००० फेरे जातात आणि ओडोमीटर जागचा हलत नाही.

दुसऱ्या टोकाला अतिउष्णता. चढावर ट्रेलर ओढणं, सतत भरधाव चालवणं. ऑइलचं ऑक्सिडेशन, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने ते खराब होणं, ढोबळमानाने दर १० अंशांना दुप्पट वेगाने होतं, म्हणून तिथेही कपात जोरात होते.

आता मॉनिटरला काय दिसत नाही ते. यावर मी जरा आग्रहाने बोलणार आहे, कारण मॉनिटरवर विसंबून इंजिनं गेलेली मी पाहिली आहेत. बहुतेक मॉनिटरना ऑइल किती आहे हे कळत नाही. इंजिन ऑइल खात असेल आणि चेंबरमध्ये निम्मंच उरलं असेल, तरी पडद्यावर ६० टक्के दिसू शकतात. तुम्ही कुठल्या ग्रेडचं ऑइल टाकलंत हेही त्याला माहीत नसतं. कंपनीने सांगितलेलंच टाकलं आहे असं तो गृहीत धरतो. एअर फिल्टर नीट न बसल्यामुळे धूळ आत जात असेल तर तीही त्याच्या हिशेबात येत नाही. आणि ऑइल खरंच बदललं का, हे तर त्याला बिलकुल ठाऊक नसतं, त्याला फक्त रीसेट झाल्याचं समजतं. मी एक जुनी गाडी घेतली होती. मॉनिटर ९४ टक्के दाखवत होता, म्हणून मी निर्धास्त होतो. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढली तर काकवीसारखं घट्ट, काळंकुट्ट ऑइल. आधीच्या मालकाने नुसतं रीसेट केलं होतं.

एरवी नुसतं काळं ऑइल म्हणजे खराब ऑइल नव्हे बरं का. काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, आणि डिझेल इंजिनात तर ते थोड्याच दिवसांत काळं पडतं. रंगावरून किंवा बोटांत चोळून निकाल देऊ नका.

हिशेब माणसांनी बसवलेला असतो, त्यामुळे तो चुकतोही. जनरल मोटर्सलाच आपल्या ३.६ लिटर व्ही-६ इंजिनांच्या टायमिंग चेन वेळेआधी झिजू लागल्यावर मॉनिटरचं सॉफ्टवेअर बदलून ऑइल बदलण्याचं अंतर कमी करावं लागलं. म्हणून सर्व्हिसच्या वेळी तुमच्या मॉडेलसाठी असं काही अपडेट आलंय का, एवढं विचारून घ्या. डिझेलवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) स्वच्छ करताना जादा डिझेल मारलं जातं आणि त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, मॉनिटर काहीही म्हणो, ऑइल बदला.

तर तुमच्या गाडीचा मॉनिटर ठीक आहे, आणि कंपनीची युक्तीही मला यात दिसत नाही. तसं असतं तर मागच्या वेळी त्याने तुम्हाला १४,००० पर्यंत जाऊच दिलं नसतं. १५ टक्के म्हणजे आजच धावपळ करायची गरज नाही. होंडाच्या गाड्यांमध्ये याच आकड्याला 'सर्व्हिस लवकरच' अशी सूचना येते आणि ५ टक्क्यांना 'आता करा' अशी. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत उरकून घ्या. टक्के कितीही उरले असले तरी वर्ष झालं की ऑइल बदलायचं, हे मात्र पाळा.

आणि उद्या सकाळी, इंजिन सुरू करायच्या आधी, गाडी सपाट जागी असताना डिपस्टिक काढून बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का, ऑइल भरायच्या टोपणाच्या आतल्या बाजूला पिवळसर साय धरलीय का, वासात पेट्रोल जाणवतं का, ते इथे लिहा. साय दिसली तरी घाबरू नका. इतक्या छोट्या फेऱ्यांमध्ये ती बहुतेक वेळा साठलेल्या पाण्याचीच असते. मात्र कूलंटची पातळीही उतरत असेल तर हेड गॅस्केट (कूलंट ऑइलमध्ये जाऊ न देणारं इंजिनमधलं सील) तपासून घ्यावं लागेल, आणि त्याला सर्व्हिसच्या तारखेपर्यंत थांबू नका.