इच्छा धरावी, पण क्रम सांभाळावा

नव्याने ख्रिस्ती विश्वासात आलेल्या बऱ्याच जणांना वाटतं, की चांगली नोकरी, स्वतःचं घर, बढती यांची इच्छा धरणंच पाप. तसं नाही रे. बायबलमधल्या मत्तय 6मध्ये प्रभू येशू अन्नवस्त्राबद्दल बोलतो, तेव्हा या सगळ्याची तुम्हाला गरज आहे हे पित्याला ठाऊक आहे, असंच सांगतो. 33व्या वचनात तो फक्त क्रम लावून देतो: आधी देवाचं राज्य आणि नीतिमत्त्व. प्रेषित पौलही 1 तीमथ्य 6:10मध्ये पैशाला नव्हे, पैशाच्या लोभाला दोष देतो.

मग इच्छा वाकड्या वाटेला लागली हे ओळखायचं कसं? ती पुरी करताना आधी कात्री कशाला लागते ते बघ. जादा काम आलं की सकाळची प्रार्थना घाईत उरकली जाते, मग रविवारची उपासना चुकते, मग दान ‘पुढच्या महिन्यात’. इतकं हळूहळू होतं की कळतही नाही. पौलाचा सहकारी देमास, त्याचंच बघ. कलस्सैकरांस पत्रात तो पौलाबरोबर सलाम सांगतो; 2 तीमथ्य 4:10मध्ये मात्र जगाच्या ओढीने पौलाला सोडून थेस्सलनीकाला निघून गेलेला असतो. ते वचन मला आजही अस्वस्थ करतं.

म्हणून मोठा निर्णय घेण्याआधी ती इच्छा प्रार्थनेत स्पष्ट शब्दांत मांड. “प्रभू, तू नको म्हणालास तरी चालेल,” हे मनापासून म्हणता येतं का, ते तपास. जीभ अडखळली तर घाई करू नकोस. मंडळीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन थोडे दिवस प्रार्थना कर, आणि मगच काय तो निर्णय घे.