पैज कन्सोलवर, पणाला मुलगा

प्रश्न : आम्ही ऐरोलीत राहतो. मुलगा बारावी विज्ञानला आहे. अकरावीत ७४ टक्के गुण होते. एक अतिशय स्वस्त गेम कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र) येत असून त्यामुळे गेमिंग उद्योगाची उलथापालथ होणार आहे, असे एका खासगी संस्थेत सांगितले. तिथल्या गेम डेव्हलपमेंट अभ्यासक्रमाला कर्ज काढून त्याला घालण्याचे मी ठरवले आहे. तो मात्र गेम खेळण्याऐवजी मित्रांचे बिघडलेले कंट्रोलर उघडून त्यांच्या स्टिक बदलत बसतो. त्याला कसे समजवावे?

उत्तर : आपल्या पत्रात कन्सोल आहे, संस्था आहे, कर्ज आहे, मुलगा मात्र केवळ तक्रारीपुरता आला आहे, आणि मला काळजी वाटते ती त्याच्या ७४ टक्क्यांची नव्हे, या गोष्टीची. हा अभ्यासक्रम त्याला हवा आहे का, हे आपण कुठेही लिहिलेले नाही. बहुधा विचारलेलेही नसावे.

यंत्र स्वस्त झाले की उद्योग उलटतो, हा समज आधी दूर करू. २०१२ मध्ये ‘ऊया’ नावाच्या अँड्रॉइडवर चालणाऱ्या ९९ डॉलरच्या कन्सोलसाठी लोकांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ८५ लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली होती. तेव्हाही भाषा उलथापालथीचीच होती. २०१३ मध्ये तो दुकानांत आला, २०१५ मध्ये त्याचा सॉफ्टवेअर व्यवसाय रेझर कंपनीने घेतला आणि २०१९ मध्ये सेवाच बंद झाली. कन्सोलच्या धंद्यात यंत्र अनेकदा तोट्यातही विकले जाते. कमाई होते ती गेमच्या विक्रीतील वाट्यातून. ग्राहक थोडे असले की गेम बनवणारे फिरकत नाहीत आणि गेम नसले की ग्राहक येत नाहीत; नुसती कमी किंमत हा तिढा सोडवू शकत नाही. २००६ मध्ये निन्टेन्डोचा ‘वी’ अडीचशे डॉलरला आला, तेव्हा त्याच्या स्पर्धक प्लेस्टेशन ३ ची किंमत पाचशेपासून सुरू होत होती, आणि ‘वी’ दहा कोटींहून अधिक विकला गेला, हे खरे. पण त्यामागे कंपनीचे स्वतःचे गेम होते आणि हात हलवून खेळण्याची नवी रीत होती. शिवाय आपल्याकडे बहुतेक जण फोनवरच खेळतात. उद्या हा कन्सोल यशस्वी झाला, तरी त्या यशातून आपल्या मुलाच्या हाती नोकरी कशी पडणार, हे त्या संस्थेने सांगितले आहे का?

आता त्या तक्रारीकडे वळतो. कंट्रोलरची स्टिक न हलवता पडद्यावरचे पात्र चालू लागते, ते बहुतेक वेळा आतला इवलासा पोटेन्शिओमीटर, म्हणजे स्टिक किती वळली हे मोजणारा भाग, झिजल्यामुळे. दोष ओळखणे, शेजारच्या भागांना धक्का न लावता जुने सोल्डरिंग काढणे आणि नवा भाग बसवणे, हे हा मुलगा कुणी न शिकवता करतो आहे. (मला स्वतःला हे जमणार नाही.) आपण ज्याला वेळ घालवणे म्हणता, त्याला मी इलेक्ट्रॉनिक्सचा कल म्हणेन.

एमएचटी-सीईटी देऊन इलेक्ट्रॉनिक्स वा इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी, किंवा पॉलिटेक्निकमधून पदविका, हे मार्ग आपल्याला ठाऊक असतीलच. पुढे गेम बनवावेसे वाटले, तर प्रोग्रामिंग पदवीबरोबरही शिकता येते.

तूर्त कर्जाच्या कागदांवर सही करू नका. मुलाला एक चांगले सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर घेऊन द्या, आणि पुढचे पत्र त्याला स्वतःला लिहू द्या.